नागपुरात जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर आणि बाथरूम नव्यानं करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय, फ्लॅट २२ वर्षं जुना, सगळ्यात वरचा मजला, दोन बाथरूम, घरात सासू-सासरे, आणि सगळं दिसायलाही छान हवं, वापरायलाही सोयीचं. प्रश्नात टाईल्सच्या रंगाबद्दल चार ओळी आहेत आणि पाइपबद्दल एकही नाही, म्हणून लिहायला बसले. मी मानेवाड्याला राहते. हे काम मी दोनदा केलंय, आणि दोनदा करायचं नव्हतं.

पहिल्या वेळी मिस्त्री म्हणाला, "तोडफोड कायले करता मॅडम? जुन्यावरच नवीन टाईल मारून देतो, चार दिवसांत मोकळे." स्वस्त पडत होतं, मी हो म्हटलं. दिसायला झकास झालं. पाऊण वर्षानं खालच्या काकू मोबाइल घेऊन वर आल्या. त्यांच्या छतावर पोळीएवढा पिवळट डाग. दिवाळीपर्यंत तो परातीएवढा झाला. चकचकीत टाईल्सखाली जुना लोखंडी पाइप गंजून चाळणी झाला होता. सगळं पुन्हा फोडलं, शिवाय काकूंच्या छताला रंगही आम्हीच दिला.

तेव्हा बाथरूमपासून सुरू करा आणि तिथं खालच्या स्लॅबपर्यंत उघडा. जुने पाइप काढून टाका. गरम पाण्याला सीपीव्हीसीच (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) घाला. फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर वॉटरप्रूफिंग करा, शॉवरजवळ तर डोक्याच्या वरपर्यंत. मग जाळीचं भोक बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्यांना छताकडे लक्ष ठेवायला सांगा. मिस्त्री कुरकुर करेल, त्याचे दोन दिवस जातात. जाऊ द्या. उतार मीटरला साधारण एक सेंटीमीटर हवा. टाईल बसत असताना मी मुलाची काचेची गोटी सोडून बघायची. ती जाळीकडे न जाता दाराकडे निघाली, तेव्हा दोन ओळी उखडायला लावल्या. त्यानंतर मिस्त्री मला 'गोटीवाली मॅडम' म्हणू लागला.

कमोड पसंत करण्याआधी मागच्या भिंतीपासून फरशीतल्या भोकाच्या मध्यापर्यंत माप घ्या. ते बहुतेक ९ किंवा १२ इंच निघतं आणि दुकानात कमोडही त्या हिशेबानंच मिळतो. सासऱ्यांसाठी धरायचा दांडा लागणार असेल तर जागा आत्ताच ठरवा, नंतर भोक पाडताना नवा पाइप फुटतो. भिंत बुजवायच्या आधी मोजायची टेप लावून पाइपचे फोटो काढून ठेवा. जमिनीला खरबरीत टाईल. काचेचं पार्टिशन मला फार आवडायचं. बोअरच्या पाण्यानं दोन महिन्यांत ते पांढरं पडलं, आता तिथं पडदा आहे.

स्वयंपाकघरात मुख्य गोष्ट ओट्याची उंची. सुतार, गवंडी सगळे एकच ठरलेलं माप सांगतात. मी उंच, म्हणून आम्ही ३४ इंच घेतला. त्यावर शेगडी, शेगडीवर कढई. सासूबाईंना कढईत काय चाललंय ते दिसेना. वडाभाताचे वडे त्या अंदाजानं उलटायच्या. दुसऱ्यांदा शेगडीखालचा ग्रॅनाइट चार इंच खाली घेतला, सिंककडचा तसाच ठेवला. भांडी घासताना हात खाली जातात, म्हणून तिकडे उंची बरीच वाटते. कोपर वाकवून उभं राहा, कोपराच्या चार-सहा इंच खाली कणीक मळायची जागा यायला हवी. जो जास्त वेळ उभा राहतो त्याचं माप घ्यायचं.

दुसरं कूलरचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि स्वयंपाकघरात कूलर कोणी ठेवत नाही. पण कूलरची हवा बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर घर नुसतं दमट होतं. ती वाट स्वयंपाकघरातून काढा: शेगडीच्या वर मोठा एक्झॉस्ट, आणि हॉलकडचं दार कूलरच्या रेषेत. हॉलमधली गार हवा आपोआप ओट्यापर्यंत येते. फक्त शेगडी त्या झोतात आणू नका, ज्योत भडभडते. सावजी-बिवजी झणझणीत घरी होत असेल तर चिमणी डक्टचीच, म्हणजे धूर पाइपनं बाहेर टाकणारी घ्या, बिनडक्टची चिमणी धूर गाळून घरातच परत सोडते.

सिंकखाली पार्टिकल बोर्ड अजिबात नको, एका पावसाळ्यात फुगतो. आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय घ्या. गिझर, मायक्रोवेव्ह, इंडक्शनला १६ अँपियरचे वेगळे पॉइंट. बाकी रंग, हँडल, नळाची फॅशन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. हार्डवेअरसाठी इतवारीत एक चक्कर मारा.

काम शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. उन्हाळ्यात सिमेंट पाणी प्यायच्या आधीच वाळतं.

आणि हो, वरच्या मजल्यावर आहात म्हणून सांगते: गिझर दोन्ही बाथरूममध्ये बसवा आणि त्याचं बटण उन्हाळाभर बंद ठेवा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देतं, तेव्हा पहाटे गिझरमध्ये भरून राहिलेलं पाणी घरातलं सगळ्यात गार असतं. सासरे दुपारची आंघोळ त्याच पाण्यानं करतील.