उद्याचा धडा उद्याच

(पत्र थोडक्यात: मी प्राथमिक शिक्षिका. मुलगा माझ्याच शाळेत तिसरीत. हुशार आहे, पण वर्गात उत्तरं ओरडतो, शेजारच्याची वही ओढतो, मध्येच उठून खिडकीशी जातो. रोज रात्री उद्याचा धडा शिकवून पाठवते, तरी हे असं. त्याच्या वर्गशिक्षिका शिक्षक-खोलीत सगळ्यांसमोर सांगतात, मान वर करवत नाही. काय चुकतंय?)

ताई,

तीन पानं लिहिलीत. त्यातली अडीच शिक्षक-खोलीतल्या अपमानाची. त्यावर मी काही लिहिणार नाही. त्या बाई जे सांगतायत ते खरं आहे, आणि ते तुम्हालाही ठाऊक आहे.

मी अडकले ती तुमच्या एका ओळीवर. ‘रोज रात्री उद्याचा धडा शिकवून पाठवते.’ ही ओळ तुम्ही स्वतःच्या बाजूने पुरावा म्हणून लिहिलीत. मला तर सगळ्या तक्रारीचं मूळ तिथेच दिसतं.

मी 28 वर्षं प्राथमिकला शिकवलं. हातच्याची वजाबाकी कशी घेतात हे तुम्हाला सांगायला नको. 42 वजा 17. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलांपुढे ठेवायच्या आणि म्हणायचं, यातून सतरा द्या मला. मुलं दोन काड्यांकडे बघतात. सात कुठून द्यायच्या? वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी हळूच विचारतं, ‘बाई, गठ्ठा सोडू?’ त्या एका प्रश्नासाठी आपण अख्खी तासिका वाट बघतो. तुमचा मुलगा मात्र त्या शांततेत ओरडतो, ‘चारातला एक काढा, तीन लिहा, दोनाचे बारा!’ कारण हे काल रात्रीच ओट्याशी झालेलं असतं. त्याच्या वाटचा शोध गेलाच, आणि वर्गातल्या बाकीच्यांचाही गेला. उरलेली तीस मिनिटं त्याने करायचं काय? मग तो वही ओढतो, खिडकीशी जातो. मी त्याच्या जागी असते तर मीही गेले असते.

1945 साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बिया, खडे, शंख-शिंपले पोरांच्या हातात दिले, ते त्यांनी स्वतः मांडून, मोजून बघावं म्हणूनच. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं 29वं कलमही तेच सांगतं, कृतीतून आणि शोधातून शिकणं. तुमच्या वर्गातल्या मुलांना तुम्ही ते मनापासून देत असाल. पोटच्या पोराला मात्र सोडवलेली बेरीज-वजाबाकी देताय, आणि का, तर बाईंच्या मुलाला उत्तर आलं नाही असं कुणी म्हणू नये म्हणून! राग येईल, येऊ दे. पण त्याच्यासाठी जीव तुटतो माझा. आठ वर्षांचं मूल रोज पाच-सहा तास, आदल्या रात्री संपलेल्या दिवसात बसून असतं.

म्हणून एकच करा. रात्रीची शिकवणी आजपासून बंद. थोडी नाही, पूर्ण बंद. पहिले आठ-दहा दिवस तो अडखळेल, उत्तर चुकेल, कदाचित रडत येईल. त्याला जवळ घ्या, खाऊ द्या. पण गणित सोडवून देऊ नका. ते त्याच्या बाईंचं काम आहे, त्यांना करू द्या.

पुढच्या सोमवारी गुणाकार सुरू होतोय असं लिहिलंय तुम्ही. रविवारी रात्री पुस्तक दप्तरातून बाहेर काढायचं नाही.