सातारा-सांगलीत दगडी कोळशाच्या खाणी का नाहीत?

कारण आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. माण-खटाव असो की जत, विहीर खणणाऱ्याला विचारा. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दगडी कोळसा मात्र २५ कोटी वर्षांहून जुन्या दलदलीतल्या झाडांचा, गोंडवन नावाच्या जुन्या गाळाच्या खडकांत सापडणारा. महाराष्ट्रात तो चंद्रपूर, वणी, उमरेड या बाजूला मिळतो.

भारतात खाणकाम १७७४ मध्ये बंगालच्या राणीगंजला सुरू झालं. पुढे रेल्वे आली तशी मागणी वाढली. पद्धती मुख्यतः दोन: वरची माती-खडक काढून उघडी खाण, नाहीतर जमिनीखाली बोगदे. बोगद्यात छत पेलायला कोळशाचेच खांब सोडतात. शेवटी तेही काढतात, आणि ते काम सगळ्यात जोखमीचं.

खाली काम करणाऱ्याला छत कोसळण्याची, मिथेनच्या स्फोटाची, पाणी घुसण्याची भीती. धनबादजवळच्या चासनाला खाणीत डिसेंबर १९७५ मध्ये पाणी शिरून ३७० हून जास्त कामगार गेले. अपघातातून वाचला तरी वर्षानुवर्षं धूळ छातीत जाऊन फुप्फुसं निकामी होतात, त्यावर औषध नाही. १९७१ ते ७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावर कायम कामगारांचे पगार, घरं, दवाखाने सुधारले. कंत्राटी माणसाच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं, हे माझं मत.

धुळीपुरतं बोलायचं तर आपल्याकडच्या खडी क्रशरवरचे मजूरही सुरक्षित नाहीत. तिथे दम लागणाऱ्या माणसाने छातीचा एक्स-रे काढून घ्यावा, आणि डॉक्टरांना आपलं काम आवर्जून सांगावं.