गॅरेजमधल्या पेटीतली अनोळखी हत्यारं

प्रश्न : गॅरेज आवरताना आजोबांची हत्यारांची पेटी सापडली. हातोडी, कानस, पटाशी हे कळलं, पण तीन वस्तू काही केल्या ओळखू येईनात. एक पकडीसारखी, पण तिच्या तोंडात एक गोल चकती आणि त्यावर ४ ते १२ आकडे. दुसरा पाना, त्यावर १/४ डब्ल्यू लिहिलंय पण तोंड मोजलं तर १३ मिलिमीटरपेक्षा जरा जास्तच भरतं. तिसरा इंग्रजी सी सारखा क्लॅम्प, एका टोकाला बेचकं. तिन्ही वायर ब्रश मारून चकाचक करू का?

उत्तर : नका हो, आधी ब्रश खाली ठेवा! जुन्या हत्याराची सगळी माहिती त्याच्या अंगावरच असते. कंपनीचं नाव, पेटंट नंबर, शिवाय कुठे घासून चमक आलीय आणि कुठे वर्षानुवर्षांचा काळा थर बसलाय, कारण जिथे चमक तिथेच काम व्हायचं. अक्षरं पुसट असतील तर वर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, बऱ्यापैकी उठतात. मग मऊ कापडाने थोडं तेल लावून पुसा, तेवढं पुरे.

आता ती पकड. हे करवतीचे दात फाकवायचं हत्यार, आणि माझ्या मते पेटीतली सगळ्यात भारी वस्तू. लाकडाची चांगली करवत दात वर करून डोळ्यासमोर धरा आणि लांबीच्या दिशेने बघा, एक दात डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे, असं शेवटपर्यंत दिसेल. त्यामुळे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि करवत अडकत नाही. वापरून वापरून आणि कानस मारून मारून हा झुकाव जातो, तो परत आणायला ही पकड. चकती म्हणजे छोटी ऐरणच, तिच्या कडेला उतार असतो, मूठ दाबली की समोरून बारका दांडा येतो आणि दाताचं फक्त वरचं टोक त्या उतारावर वाकवतो. एकाआड एक दात करायचे, मग करवत फिरवून उरलेले. आकडे साधारण इंचाला किती दात त्याचे, पण सुरुवात हलक्या झुकावाने करा. आणि हल्लीच्या करवतींची काळपट निळ्या टोकांचे कडक दात यात घालू नका, मोडतील.

पाना व्हिटवर्थ मापाचा. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं हे माप मांडलं, आणि पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, तोंडाची रुंदी नाही, म्हणून पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड अर्ध्या इंचाहून मोठं. मेट्रिक नटावर जबरदस्तीने वापरू नका, कोपरे गोल होतात आणि मग नट निघता निघत नाही.

क्लॅम्प इंजिनचा आहे, व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा. सुताराच्या क्लॅम्पला दोन्हीकडे सपाट तोंड असतं, लाकडाला वळ पडू नये म्हणून. इथे बेचकं स्प्रिंगच्या टोपीवर बसतं, दुसरं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर, स्प्रिंग दबली की आतले दोन बारके अर्धे तुकडे काढून घ्यायचे. वापरणार असाल तर गॉगल लावाच, निसटलेली स्प्रिंग डोळा बघत नाही.

प्रश्न : त्याच पेटीत पिळदार बिट आहेत पण शेपूट चौकोनी आणि निमुळतं, ड्रिल मशीनमध्ये बसत नाही. कापून गोल करू का?

उत्तर : अजिबात नको. हे ब्रेसचे, म्हणजे वाकड्या दांड्याने हाताने फिरवायच्या ड्रिलचे बिट. टोकाला जो बारीक स्क्रू दिसतो तो बिटला स्वतःच लाकडात ओढतो, हाताच्या वेगाला ते छान, मशीनच्या वेगाला मात्र मनगट पिरगळायची भीती. शेपटावर एखादा आकडा ठोकलेला दिसला तर बहुतेक वेळा तो इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो, म्हणजे ८ असेल तर अर्ध्या इंचाचं भोक, १० असेल तर ५/८ चं. पेटीच्या तळाशी नीट बघा, ब्रेस पण तिथेच असेल.