लाट्रोब नदीवरचा फिरता पूल

प्रश्न : आई-बाबा पुण्याहून मेलबर्नला आमच्याकडे आलेत. बाबा निवृत्त स्थापत्य अभियंता. एका दिवसात बघून येण्यासारखं काही सुचवाल?

उत्तर : बाबांना मेलबर्नच्या पूर्वेकडच्या गिप्सलँड भागातल्या सेल या गावी न्याच! गावाच्या दक्षिणेला, थॉमसन नदी लाट्रोबला मिळते तिथे १८८३ सालचा लोखंडी फिरता पूल आहे. गिप्सलँडच्या सरोवरांतून सेलकडे येणाऱ्या आगबोटींना वाट मिळावी म्हणून जॉन ग्रेंजर यांनी तो आखला. (संगीतकार पर्सी ग्रेंजर हे त्यांचे चिरंजीव.) सुमारे ४५ मीटरचा अख्खा सांगाडा मधल्या खांबांवर असा तोललाय, की तो हाताने वळवता येतो. एवढं लोखंड हळूहळू सरकत प्रवाहाला समांतर होताना मी पाहिलं आणि जागची हलले नाही. बाबांना आधी काठावरून खांबांची रचना नीट बघू द्या, घाई करू नका. आता वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून जाते.

पूल ठरावीक वेळीच फिरवतात. वेळ सेलच्या पर्यटन केंद्रात आधी विचारा. रेल्वे सेलपर्यंत जाते, पण पूल स्टेशनपासून दूर आहे. आई-बाबा सोबत असताना गाडीच बरी. सकाळी लवकर निघा, डबा बरोबर घ्या.