चार वर्षांनी तो सैन्यात राहील का, हे चाचणी सांगेल?

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा बारावीत आहे आणि त्याला अग्निवीर व्हायचंय. एका क्लासवाल्यांनी सांगितलं, व्यक्तिमत्त्व चाचणी करून घ्या, म्हणजे चार वर्षांनंतर सैन्यात राहील की परत येईल ते आजच कळेल. विड्या वळून साठवलेल्या पैशांतून ही फी भरू का, असं तुम्ही विचारलंय.

भरू नका.

अशा चाचण्यांवर मोठं काम अमेरिकेच्या सैन्यात झालंय. तिथे 2009 पासून भरतीच्या वेळी ‘टापास’ नावाची चाचणी घेतात. सारखीच चांगली वाटणारी दोन वाक्यं देऊन ‘तुम्हाला जास्त लागू पडतं ते निवडा’ म्हणतात. त्यामुळे उत्तरं रंगवणं अवघड जातं. मुदत संपायच्या आत कोण सोडून जाईल, याचा मोठ्या गटापुरता थोडाफार अंदाज त्यातून येतो. एकट्या मुलाबद्दल तो फार कच्चा. आणि मुदत संपल्यावर पुन्हा करार करायचा का, हे लग्न, घरची ओढ, बाहेरच्या नोकऱ्या, सैन्याचा बोनस, वरिष्ठांची वागणूक यांवरही ठरतं. अठराव्या वर्षी सोडवलेल्या पेपरात हे कुठून येणार?

आपल्याकडे तर प्रश्नच वेगळा आहे. मुलाची राहायची कितीही इच्छा असली तरी निवड सैन्य करतं: तुकडीतल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांची, चार वर्षांतली कामगिरी आणि सैन्याची गरज पाहून. निवड झाली तर पुढे किमान 15 वर्षं सेवा. म्हणजे चारांतले तीन परत येणार, आणि त्यांत चांगली, धडधाकट, मेहनती मुलंही असणार. मला काळजी वाटते ती याची. परत आलेल्या मुलाला ‘नापास’ म्हणू नका, घरात कुणाला म्हणू देऊ नका.

त्यामुळे तयारी परत येण्याचीही हवी. अग्निवीर योजनेत सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी आहे, म्हणजे चार वर्षं संपल्यावर एकरकमी मिणारे पैसे (व्याजासह). त्यातला निम्मा त्याच्याच पगारातून कापलेला असतो. तो घर बांधण्यात, बहिणीच्या लग्नात संपणार की त्याच्या पुढच्या शिक्षणाला राहणार, हे आत्ताच बोलून घ्या. भरतीच्या धावण्यापायी बारावी मात्र सुटू देऊ नका. पुढे पदवी, पोलीस भरती, काहीही करायचं तर तीच लागते.

आणि सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा त्याला घेऊन जा. तिथे माजी सैनिक भेटतात. पोस्टिंग, सुट्ट्या, घरापासून लांब राहणं, सगळं त्यालाच विचारू द्या. तुम्ही फक्त ऐका. तिथून आल्यावर तो काय म्हणाला, ते मला जरूर कळवा.