चार-सहा घोड्यांच्या तबेल्याचं रोजचं काम किती तासांचं असतं?

तुम्ही विचारलंय की तासगावजवळ शेतात चार घोडे ठेवायचे आहेत, नोकरी सोडायची नाही, तर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास देऊन तबेल्याचं सगळं काम भागेल का, आणि लिदीचं काय करायचं.

दोन तासांत भागणार नाही. चार घोड्यांना एका माणसाचे रोजचे चार तास धरा. शिवाय ते चार तास सलग मिळाले तरी उपयोग नाही, ते पहाट, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे चार वेळांना वाटून द्यावे लागतात. नोकरीवाल्या माणसाची खरी अडचण तिथे येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा तबेला सांगलीत, नदीच्या अंगाला आहे. सहा जनावरं आहेत. वरातीच्या दोन पांढऱ्या घोड्या, मुलांना बसायला शिकवायची तीन तट्टं, आणि जाई नावाची म्हातारी घोडी. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातच आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हातात फावडं दिलं. त्याला १९ वर्षं झाली. गेल्या वर्षी कामाला एक मुलगा ठेवायचा होता, त्याचा पगार कशावर ठरवायचा म्हणून मी महिनाभर घड्याळ लावून प्रत्येक कामाची वेळ वहीत लिहिली. खालचे आकडे त्या वहीतले आहेत. फिरवणं, बसणं, शिकवणं यात धरलेलं नाही.

सकाळ सव्वापाचला सुरू होते. पहिली दहा मिनिटं मी कशालाच हात लावत नाही, नुसती बघत फिरते. रात्रीची वैरण संपली का, पाणी किती उतरलं, लिदीचे ढीग किती आणि कसे, कोणाचा पाय सुजलाय का, कोण एक पाय उचलून उभं आहे. निरोगी घोडा दिवसभरात साधारण आठ ते बारा वेळा लीद टाकतो. रात्रभरात दोनच ढीग दिसले, किंवा गोळे अगदी कोरडे, लहान दिसले, तर त्या दिवशीचं बाकीचं काम मागे पडतं.

मग आधी वैरण, नंतर चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा. हा क्रम आबांनी कधी मोडू दिला नाही आणि त्याला कारण आहे. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान असतं आणि त्यात आम्ल सतत तयार होत असतं. मोकळ्या रानात तो दिवसाचे १६ तास चरतच असतो. अशा जनावराला उपाशीपोटी चण्याची चंदी घातली की पोट बिघडतं. सहाही गव्हाणींत वैरण टाकायला १५ मिनिटं लागतात. एका ३००-३५० किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो सुकी वैरण लागते, म्हणजे आमच्याकडे रोज ४० किलोच्या आसपास. ती तीन-चार वेळांना विभागून द्यायची.

ती खात असताना लीद काढायची. एका ठाणाला, म्हणजे घोडा बांधायच्या जागेला, सरासरी १२ मिनिटं, सहांची ७० मिनिटं. दिवसातलं सगळ्यात मोठं काम हेच. सरासरी म्हणते, कारण घोड्याघोड्यात फार फरक असतो. जाई एका कोपऱ्यातच लीद टाकते, तिचं ठाण सात मिनिटांत होतं. बिजली रात्रभर येरझाऱ्या घालते, सगळं तुडवून खाली पसरलेल्या भुशात मिसळून टाकते, तिला वीस मिनिटं जातात. एक घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो, वर आठ-दहा लिटर मूत. सहांचं मिळून रोज क्विंटलभर ओझं घमेल्याने भरून ढकलगाडीतून बाहेर जातं. लीद उचलणं सोपं आहे, ती दिसते. ओला भुसा दिसत नाही, आणि चुकारपणा तिथेच होतो. वरून कोरडा भुसा पसरला की ठाण छान दिसतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी ठाणात खाली बसायला लावते. बसल्या घोड्याचं नाक जिथे येतं तिथे आपलं नाक नेऊन श्वास घ्यायचा. डोळे चुरचुरले, तर काम झालेलं नाही. तो वास अमोनियाचा असतो, त्याने घोड्याची छाती बिघडते, आणि ओल्यात उभं राहून टापा सडतात.

पाण्याचं गणित वेगळं आहे. एका घोड्याला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. पूर्वी आम्ही बादलीने घालायचो. १५ लिटरच्या १५-१६ बादल्या, रोजची पाऊण तासाची मेहनत. पाइप टाकून प्रत्येक ठाणात टाकी बसवली, तेव्हापासून सकाळी १५ आणि संध्याकाळी १५ मिनिटं लागतात, तीही बहुतेक टाक्या घासण्यात. शेवाळलेलं पाणी घोडा टाळतो. तो कमी पाणी प्यायला की कोरडी वैरण आतड्यात अडकते. तुम्ही नवीन बांधताय, तर पत्र्यावर चार पैसे कमी घाला पण पाण्याची लाइन पहिल्या दिवशी टाका.

चंदीला सकाळी २० मिनिटं. हरभरे रात्रीच भिजत घालते. जाईचे दात झिजल्यामुळे तिची चंदी मऊ करून, कोमट पाण्यात कालवून द्यावी लागते, तिच्या एकटीवरच सहा-सात मिनिटं जातात. नंतर टापा. चारही टापा उचलून आकड्याने खडा, लीद, माती कोरून काढायची, एका घोड्याला तीन-चार मिनिटं. शेवटी खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं, एका घोड्याला दहा मिनिटं. तबेल्यात वेळ कमी पडला की लोक पहिला खरारा बंद करतात, कारण तो नटवण्याचा प्रकार वाटतो. मला तसं वाटत नाही. हात फिरतो तेव्हा गोचीड सापडते, खोगिराखालचा फोड सापडतो, पायातली गरमी कळते. वरातीच्या घोड्यांना तर पाठीवर आणि कंबरेपाशी रोज हात फिरवलाच पाहिजे, कारण जड साज तासन् तास तिथे असतो.

एवढ्याने सकाळचे साडेतीन तास होतात. दुपारी वैरण-पाणी २५ मिनिटं. संध्याकाळी पुन्हा लीद ३५ मिनिटं, वैरण, पाणी, चंदी मिळून ४०. रात्री साडेनऊला १५ मिनिटं. सगळं मिळून रोजचे जवळपास साडेपाच तास, सहा घोड्यांना. एकाच घोड्याचं हेच सगळं नीट केलं तर दीड तास लागतो. म्हणजे घोडे सहापट झाले तरी काम सहापट होत नाही. कुलूप काढणं, वैरण कोठारातून आणणं, बोळ झाडणं, चंदी कालवणं हे एकाला करा नाहीतर सहांना, फार फरक पडत नाही. पहिल्या घोड्यानंतर प्रत्येक घोड्यामागे पाऊण-एक तास वाढतो. तुमच्या चारांचे चार तास मी असे काढले.

रात्रीच्या पंधरा मिनिटांबद्दल वेगळं लिहायचंय, कारण नोकरीवाला माणूस सगळ्यात आधी तीच गाळतो. चार वर्षांपूर्वी डिसेंबरात मी साडेनऊला वैरण टाकायला गेले. जाईने चंदी अर्धी ठेवली होती. ती उभी होती, शांत होती, लांबून बघितलं असतं तर काही कळलं नसतं. जवळ गेले तर तिने मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघितलं, मग पुढच्या पायाने एकदाच जमीन खरवडली. संध्याकाळनंतरची लीद शोधली, तीन गोळे. पोटाला कान लावला. एरवी आत सतत गुडगुड चालू असते, ती अगदी मंद झाली होती. पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, आत कोंडलेलं वर यायला वाट नसते, म्हणून पोटशुळात घोडा काही तासांत जाऊ शकतो. वैरण लगेच काढून घेतली, डॉक्टरांना फोन केला. त्यांनी नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं, औषध दिलं. यजमान आणि मी आळीपाळीने तिला हळूहळू चालवत होतो. पहाटे चारला तिने लीद टाकली आणि मी तिथेच खाली बसून रडले. त्या रात्री मी साडेनऊला गेले नसते, तर सव्वापाचला उशीर झाला असता. थंडीत घोडी पाणी कमी पिते, त्यातून हे झालं असावं असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून डिसेंबर-जानेवारीत जाईला पाणी कोमट करून देते, त्याची दहा मिनिटं त्या दोन महिन्यांत वाढतात.

रोजच्या हिशेबात न बसणारी कामंही असतात. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतो, नाल बदलायचे असतील तर घोड्यामागे तास धरा, आणि त्या वेळी घोडा धरायला घरचं माणूस लागतं. वर्षाला धनुर्वाताची लस, ठरलेल्या वेळी जंताचं औषध. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो, लस चुकवू नका. कडबा शाळू निघाल्यावर जत, कवठेमहांकाळकडून शेकड्यावर घेतला तर वर्षाची बेगमी होते, गंजी रचायला आमचे दोन रविवार जातात. कुट्टी केली तर धूळ उडते, थोडं पाणी शिंपडून द्या. बुरशीचा वास आलेली एक पेंढीही घोड्याला घालू नका. म्हैस ती पचवेल, घोडा नाही. असंच कोवळ्या ज्वारीचं आणि नेपियर गवताचं. शेजारी म्हशींना घालतात म्हणून आपण घोड्याला घालायचं नाही. नेपियरमधल्या ऑक्झलेटमुळे घोड्याला कॅल्शियम मिळत नाही आणि हाडं ठिसूळ होतात.

पावसाळ्यात सगळ्याच कामांना पाऊण पट वेळ जास्त लागतो. काळ्या मातीचा चिखल टापेत घट्ट बसतो, भुसा वाळत नाही. पाऊस ओसरला की घोडमाश्या सुटतात. त्या चावल्याने सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो, म्हणून संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करतो. आम्हा नदीकाठच्यांना पुराचाही हिशेब ठेवावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आम्ही घोडे आधीच चालवत मिरजेच्या बाजूला एका नातेवाइकांच्या शेडमध्ये नेले होते, पण वैरण मागे राहिली आणि भिजून गेली. पुढचे आठ-दहा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत वैरण शोधणं हेच काम होतं. त्यानंतर आम्ही ठरवून टाकलं, पाणी ३५ फुटांवर आलं की वैरण हलवायची, ४० फुटांची इशारा पातळी आली की घोडे. २०२१ च्या जुलैत हे उपयोगी पडलं. तासगावकडे तुम्हाला हे भोगावं लागणार नाही, तेवढा वेळ तुमचा वाचला.

आता तुमच्यापुरतं. तुमच्याकडे जागा आहे, तर घोडे ठाणात बांधून ठेवू नका. चांगलं कुंपण घाला, तिन्ही बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडी अशी शेड बांधा, आत-बाहेर जायची मोकळीक द्या. ठाणातली लीद निम्म्याने कमी होते, मोकळ्या जागेतली एक दिवसाआड गोळा केली तरी चालते. पाय सुजत नाहीत, पोटशूळही कमी होतो. अशा मांडणीत चार घोड्यांचं काम अडीच-तीन तासांवर येईल. तरी दुपारची वैरण आणि पाणी बघायला घरचं कोणीतरी किंवा भरवशाचा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा गडी, हवाच. त्यालाही आठवड्याची सुट्टी लागते, सुट्टीच्या दिवशी कोण, हे आधी ठरवा. आणि चार एकदम आणू नका, दोन आणा. एकटा घोडा झुरतो, म्हणून एक नको. दोघांसोबत एक पावसाळा काढा, मग पुढचे दोन.

राहिली लीद. चार घोड्यांची महिन्याला दोन टन होते, आणि नवीन लोक याचा विचार ढीग खिडकीपर्यंत आल्यावर करतात. शेडपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला खड्डा घ्या, नाहीतर माश्या तुमच्याच घोड्यांना छळतील. तुमच्या भागात द्राक्षबागायतदार भरपूर, ते खुशीने घेऊन जातात. पण ताजी देऊ नका. घोड्याच्या लिदीत गवताचं बी न पचता शिल्लक राहतं आणि ती कुजताना बरीच तापते. भुसा मिसळलेला असेल तर कुजायला आणखी वेळ लागतो. चार-पाच महिने ओलावा ठेवून, दोनदा उलथून कुजवा. आमच्याकडचं खत आता एक हळदवाले दर मे महिन्यात ट्रॉली लावून नेतात आणि बदल्यात आम्हाला गव्हाच्या भुशाची पोती देऊन जातात.