१७-४ पीएच स्टेनलेस स्टीलला एच ९०० करायचं असेल तर फिनिश मशिनिंग आधी करावं की नंतर?

आधी करा. तुमचा बार कंडिशन ए मधला आहे, म्हणजे मिलमध्येच सोल्यूशन (१०४० अंशाला तापवून गार करणं) झालेला. ड्रॉईंगवर किमान ४० एचआरसी (रॉकवेल कडकपणा) मागितलंय, तर ४८२ अंशाला एक तास ठेवून हवेत गार करायचं, बास; हेच एच ९००चं एजिंग. १०० मिलिमीटरला साधारण ०.०४ ते ०.०६ मिलिमीटर आकसतो, तेवढं धरून चाला. टॉलरन्स फारच घट्ट असेल तर ग्राइंडिंगला ठेवा.

पण तुम्ही खाली लिहिलंय, "हीट ट्रीटमेंटवाला म्हणतो आधी पुन्हा एकदा सोल्यूशन करून घेऊ." ते वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून पुढचं सगळं.

२०१६चा मे महिना, शिरोली एमआयडीसी. फ्लँजवाले पंपाचे शाफ्ट, १८ नग. फोर्जिंगचे होते, त्यामुळे सोल्यूशन करणं भागच होतं. भट्टी आमच्या दाजींची. १०४० अंशाला माल तापवून बाहेर काढला, इथवर ठीक. खरी मेख त्यानंतर आहे. या पोलादात मार्टेन्साइट (गार होताना बनणारी कडक रचना) व्हायला १३० अंशांच्या आसपास सुरुवात होते आणि ते पुरं होतं थेट ३२ला आल्यावर. 'रूम टेंपरेचरपर्यंत गार करा' असं ज्यांनी लिहिलं त्यांनी आमची पत्र्याची शेड दुपारी तीनला पाहिलेली नाही. आत ४० अंश. शाफ्ट भट्टीशेजारीच जाळीत एकावर एक रचलेले. दाजींनी वरच्या शाफ्टवर पंजा टेकवला आणि म्हणाले, "गार झालंय की. चढवा."

"दाजी, कोमट आहे अजून. मधले तर गरमच असतील."

"तीस वर्षं भट्टीपुढं काढली मी. तू मला गार-गरम शिकवणार व्हय?"

बहिणीच्या नवऱ्यापुढं किती बोलणार? गप्प बसलो. एजिंग झालं, दुसऱ्या दिवशी रॉकवेलवर ३६, ३७, एक तर ३५. दाजींचा निकाल तयार होता: "माल डुप्लिकेट." मी पदरच्या पैशानं स्पेक्ट्रो (धातूतल्या घटकांची तपासणी) केला. क्रोमियम १५.६, निकेल ४.४, तांबं ३.३, सगळं जिथल्या तिथं. मग म्हणाले, अजून दोन तास ४८२ला ठेवू. अहो, हे काय पाणी देऊन कडक करायचं पोलाद आहे? यात कार्बन नावाला. कडकपणा येतो तो मार्टेन्साइटमध्ये तांब्याचे बारीक कण सुटतात त्यानं, आणि मुळात मार्टेन्साइटच पुरतं झालं नसेल तर जास्त वेळ शिजवून काय होणार?

शेवटी पुन्हा सोल्यूशन केलं. या वेळी शाफ्ट सुटे टांगले, पंखा लावला आणि कोमट झाल्यावर पाण्याच्या टाकीत बुडवले. थर्मामीटरवर २६ दिसल्यावरच एजिंगला गेले. ४२, ४३ आलं. पण तीन नगांचे कीवे (चावीच्या खाचा) आधीच फिनिश झाले होते, ते स्केलमध्ये (तापून धरलेल्या पापुद्र्यात) गेले. भंगार माझ्या खात्यात.

तेव्हा तुमच्या माणसाला विचारा, मिलचं सर्टिफिकेट कंडिशन ए म्हणतंय तर परत सोल्यूशन कशाला? भट्टी रिकामी आहे म्हणून? आणि करायचंच असेल तर ३२च्या खाली आणलं हे हातानं नाही, थर्मामीटरनं दाखव म्हणावं. एक राहिलं, कंडिशन ए मध्येच ३४-३५ एचआरसी सापडतं, त्यामुळे एजिंग न करताच "कडक आहे की" म्हणून माल बसवणारे आहेत. तसा वापरायचा नसतो, तो ठिसूळपणे जातो.

हे आधी लिहायला हवं होतं: शाफ्ट खाऱ्या पाण्यात चालणार असेल तर एच ९००च कशाला मागितलंय ते गिऱ्हाइकाला विचारा. त्या कडकपणाला क्लोराइडमध्ये ताणाखाली तडे जाण्याची भीती जास्त. एच ११५० म्हणजे ६२१ अंशाला चार तास, किमान कडकपणा २८वर येतो, पण टफनेस कितीतरी चांगला. सावर गॅसच्या (हायड्रोजन सल्फाइड असलेल्या गॅसच्या) कामाला तर एच ९०० चालतच नाही. आणि कोणतीही कंडिशन असो, सतत ३०० अंशांच्या वर चालवू नका.

दाजी परवा भाचीच्या बारशात भेटले. चार लोकांत म्हणाले, "तो शाफ्टचा माल डुप्लिकेटच होता बरं का." स्पेक्ट्रोचा रिपोर्ट माझ्या फोनमध्ये अजून आहे. काढला नाही, ताई समोर बसली होती.